साईटवरची टीम घडवायची म्हणजे नक्की काय करायचं?

ओळंबा (सांगली)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा.

डिप्लोमा सिव्हिल. विश्रामबागेकडे तळमजला अधिक पाच मजल्यांच्या इमारतीवर आहे. दिवाळीपासून टीम लीडर केलंय. हाताखाली दोन सुपरवायझर, एक स्टोअरकीपर, आणि कामावर सगळे धरून तीस-पस्तीस माणसं. सेंट्रिंगची (काँक्रीटचे साचे-टेकू लावणारी) गँग बिहारची, फिटर (सळई बांधणारे) विजापूरकडचे, गवंडी आणि बिगारी जत-आटपाडीचे. टाईल्सला राजस्थानी येतील पुढे.

ऑफिसने एक फॉर्म दिलाय. 'स्वतःच्या व टीमच्या विकासाचा आराखडा'. रकाने चार: सध्याचं कौशल्य, हवं असलेलं कौशल्य, त्यासाठी करायची कृती, मुदत. महिनाअखेर द्यायचाय. बाकीच्या साईटवाल्यांनी एकमेकांचं बघून 'कम्युनिकेशन स्किल सुधारणे, तीन महिने' असं लिहून मोकळे झालेत. मीही लिहू शकतो, कुणी वाचणार नाही. पण हा प्रश्न खरंच डोक्यात आहे म्हणून इथे विचारतोय.

अडचण अशी की माणसं कंपनीची नाहीत, मुकादमाची. आज आहेत, उद्या कुठे असतील सांगता येत नाही. त्यांना शिकवायचं कशाला आणि कसं? दुसरं, आमचा मुख्य गवंडी माझ्या वडिलांच्या वयाचा. त्याला मी काय शिकवणार? तिसरं म्हणजे मी स्वतः काय शिकू. एक जण म्हणतो एमबीए कर, दुसरा म्हणतो प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर शीक.

साईटवर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगा. यूट्यूबवरची लीडरशिप बघून झालीये.

---

शंकासुर

कृती: पगार वेळेवर करणे. मुदत: शनिवार. आराखडा समाप्त.

---

ओळंबा

पगार माझ्या हातात असता तर धागा काढला नसता हो.

---

थापीवाला (तासगाव)

मी शाळा सुटल्यावर पाटी उचलली, मग थापी, आता लहान-मोठी कामं घेतो. बोलतोय मी, टाईप लेक करतीय.

बिगाऱ्याचा गवंडी कसा होतो ते इंजिनियर लोकांना म्हाईत नसतं, कारण ते तुमच्यादेखत होत न्हाई. मिस्त्री जेवायला बसला की पोरगं गुपचूप त्याची थापी उचलतं, दोन विटा लावून बघतं. मिस्त्री येतो, शिव्या घालतो, विटा काढून टाकतो. असं कितीतरी दिवस चालतं. मग एक दिवस मिस्त्री त्या विटा काढत न्हाई. झाला गवंडी. आमची सगळ्यांची शाळा ही अशी चोरून झालेली.

तुम्हाला टीम घडवायची ना, मग ही चोरी उजेडात आणा. जागा नेमून द्या. कंपाऊंडची भिंत, डक्टच्या आतली बाजू, सिमेंटच्या गोडाऊनचा आडोसा. हितं वाकडं गेलं तर पाडून परत बांधता येतं, मालकाच्या डोळ्यावर येत न्हाई. कोपरे मिस्त्रीनं उचलायचे, दोरी ताणायची, मधली भर पोरानं घालायची. पण ओळंब्याची दोरी पोरानंच धरायची. आपलं वाकडं आपल्याच डोळ्याला दिसलं पायजे, मिस्त्रीनं सांगून उपयोग न्हाई.

आन् ज्या दिवशी कोपरा त्याच्या हातात दिला त्या दिवसापास्नं हजेरी वाढवायची. काम गवंड्याचं आन् हजेरी बिगाऱ्याची, ह्याला शिकवणं म्हणत न्हाईत, फुकटात राबवून घेणं म्हणत्यात.

म्हाताऱ्या मिस्त्रीचं म्हणाल तर त्याला शिकवायला जाऊच नका. ड्रॉइंग उघडायच्या आधी इचारा, "मामा, हा जिना तुम्ही कसा काढणार?" तो बोलंल. मग ड्रॉइंग उघडा. दोघांचं जुळलं तर ठीक, न्हाई जुळलं तर तिथंच उभ्या उभ्या वाद घाला. दोघंबी शिकता.

---

मिरज_जंक्शन

वाचायला गोड वाटतं सगळं. मी लेबर पुरवतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

सेंट्रिंगचा दर स्क्वेअर फुटावर, फिटरचा टनावर, प्लास्टर ब्रासवर (शंभर स्क्वेअर फुटांवर). सगळी कामं अंगावर घेतलेली. म्हणजे त्या माणसाचा तास हा त्याचा स्वतःचा पैसा. तुम्ही सकाळी पंधरा मिनिटं उभं करून भाषण दिलंत, तर ती पंधरा मिनिटं कुणाच्या खिशातून गेली? तुमचा पगार चालूच असतो.

आणि शिकवलेल्या पोराचं काय होतं ते दरवर्षी बघतो. उचल घेऊन गावाला जातो आणि सणानंतर थेट पुण्यात उगवतो. शिकवायचा खर्च माझा, फायदा तिकडच्या बिल्डरचा. त्यामुळे टीम घडवा वगैरे ज्यांची माणसं पेरोलवर आहेत त्यांनी बोलावं.

---

उपअभियंता_निवृत्त (सातारा)

मिरज_जंक्शन, आपला हिशोब चुकीचा नाही, अर्धा आहे. माणूस जाणार, शिकवला तरी आणि न शिकवला तरी. प्रश्न तो आपल्या साईटवर आहे तोवर काय करून ठेवतो हा आहे. न शिकलेला माणूस गेला तरी त्याचं काम तिथेच राहतं, काँक्रीटच्या आत.

म्हणून धागाकर्त्यांना माझा सल्ला: सगळं शिकवायच्या भानगडीत पडू नका. जे एकदा झाकलं की दिसत नाही, तेवढंच आधी धरा. माझ्या मते अशा गोष्टी तीन. सळईचं कव्हर (तिच्यावरचा काँक्रीटचा थर), उभ्या-आडव्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचे हुक आणि मालातलं पाणी. प्लास्टरची रेघ वाकडी गेली तर घरमालक रोज बघेल आणि तुम्हाला शिव्या देईल, पण ती सुधारता येते. या तिन्ही गोष्टी सुधारता येत नाहीत.

पाण्याचं उदाहरण देतो, कारण त्यावर भाषण देऊन काही होत नाही हे मी नोकरीभर पाहिलं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे मध्यम प्रतीच्या हवामानात आरसीसीला पाणी-सिमेंट प्रमाण ०.५० च्या वर जाऊ नये. म्हणजे ५० किलोच्या गोणीला २५ लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्यातलं पाणी या २५ लिटरमध्येच धरायचं. मिक्सरवाल्याला हे तोंडपाठ असतं. तरी स्लॅबवरून आरोळी येते, "पातळ कर रे!", आणि तो पाईप सोडतो. कारण त्याला समोर दिसतो तो ओरडणारा माणूस. आपला आकडा त्याला दिसत नाही.

मी एका कामावर मिक्सरवाल्याला आणि त्या आरोळी ठोकणाऱ्याला, दोघांनाही क्यूब (ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे) फोडायच्या दिवशी लॅबमध्ये नेलं होतं. मुद्दाम दोन प्रकारचे क्यूब भरून ठेवले होते, एक मोजून पाणी घातलेल्या मालाचे आणि एक त्यांच्या आवडीच्या पातळ मालाचे. १५० मिलिमीटरचा क्यूब एम-२५ प्रतीच्या काँक्रीटला उतरायचा तर साधारण ५६२ किलोन्यूटन भार घ्यायला हवा. त्यांना सांगितलं, भरलेले दोन दहाचाकी ट्रक या एवढ्याशा ठोकळ्यावर उभे केले असं समजा. पहिले क्यूब काटा पुढे सरकवत राहिले. पातळ मालाचा क्यूब फार आधीच फुटला आणि काटा मागे आला. मी एक शब्द बोललो नाही. परत येताना जीपमध्ये त्या दोघांचंच भांडण चाललं होतं.

लॅबची फी किरकोळ असते, आणि क्यूब तसेही फोडायचेच असतात. दर वेळी एका वेगळ्या माणसाला बरोबर न्या. ही 'कृती' तुमच्या फॉर्मच्या रकान्यात लिहिता येईल.

---

पाटणचा_पाऊस

मी फिटर. काकांनी हुकाचं एका शब्दात उरकलं, पण खरी गोम तिथं आहे.

आमच्या पाटण तालुक्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप अजून घरोघरी सांगतात. त्यामुळे मला उस्तादानं रिंगा शिकवताना 'का' हे सांगायची गरज पडली नाही. हुक ९० अंशात वाकवला तर हादऱ्यात कव्हर उडालं की रिंग उघडते आणि कॉलमच्या उभ्या सळया बाहेर फुगतात. १३५ अंशात वाकवून शेपटी आत काँक्रीटमध्ये घातली की ती धरून ठेवते. भूकंपासाठीच्या आयएस १३९२० मानकात ते लिहिलंय, शेपटी सळईच्या सहापट आणि निदान ६५ मिलिमीटर.

आता मिरज_जंक्शन यांचा मुद्दा घ्या. मला दर टनावर. १३५ चा हुक वाकवायला वेळ जास्त, बसवायला तर फारच त्रास, आणि टनात वाढ जवळपास शून्य. म्हणजे बरोबर काम केलं की माझी दिवसाची कमाई घटते. इंजिनियर सकाळी येऊन सांगतो हुक नीट करा, आणि दर मात्र रोज सांगतो हुक सोडा. मी कोणाचं ऐकणार?

साईटवर खरा मास्तर दर असतो. टीम लीडरनं आधी हे शोधावं की आपल्या साईटवर बरोबर काम केल्यानं कोणाचं नुकसान होतंय. तिथं शिकवून काही होत नाही, तिथं दर बदलावा लागतो नाहीतर तेवढं काम हजेरीवर घ्यावं लागतं.

---

शंकासुर

+१. आणि मी पहिल्याच प्रतिसादात हेच म्हणालो होतो, फक्त कमी शब्दांत.

---

कराडची_सिव्हिलवाली

पाटणचा_पाऊस, हा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला. आमच्या ऑफिसात वाचून दाखवणार आहे.

ओळंबा, तुमच्या फॉर्मपेक्षा एक साधा कागद सांगते. मोठ्या ड्रॉइंगच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चौकट आखा. उभी नावं, आडवी कामं: लेव्हल पाईप (पाण्याने समपातळी बघायची नळी) धरणं, ओळंबा, कव्हर ब्लॉक लावणं, रिंगा बांधणं, काँक्रीट दाबून बसवायचा व्हायब्रेटर, क्यूब भरणं, पाणी मारणं, ड्रॉइंग वाचणं. प्रत्येक घरात एक खूण. नुसतं पाहिलंय, हाताखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. बस एवढंच. हा कागद साईट ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर लावा, आत नको.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे व्हायब्रेटर आख्ख्या साईटवर एकटा माणूस नीट चालवतो, आणि तो यात्रेला गेला की तुमचा कॉलम हनीकोंब (पोकळ, भोकाभोकांचा) होणार. पाली-मांढरदेवच्या यात्रा पौषात असतात, त्या वेळी हे दरवर्षी घडतं. दुसरं म्हणजे ज्यांना आपण 'बिगारी' म्हणून एका रकान्यात टाकलेलं असतं त्यांच्यात कुणीतरी असतंच ज्याला जास्त येतं, पण कुणी विचारलेलं नसतं. माझ्या साईटवर जतची एक बाई आहे, पाट्या वाहायची. लेव्हल पाईपमधलं पाणी ती माझ्यापेक्षा लवकर वाचते. आता स्लॅबच्या आदल्या दिवशी कव्हर ब्लॉक तपासायचं काम तिचं. पुरुष गवंड्यांनी आठवडाभर नाकं मुरडली. मग तिने बीमच्या तळाशी ब्लॉक सटकलेला पकडला आणि आवाज बंद झाले. कॉलमला ४० मिलिमीटर, फुटिंगला ५०, हे ती ब्लॉकच्या रंगखुणेवरून ओळखते. अक्षर ओळख नाही. सूचनांचे बोर्ड लावणाऱ्यांनी जरा विचार करावा, निम्मी माणसं मराठी वाचत नाहीत आणि काही जण काहीच वाचत नाहीत. फोटो लावा. बरोबर कामाचा एक, चुकीच्या कामाचा एक, शेजारी शेजारी.

तुमच्या स्वतःच्या शिक्षणाबद्दल: एमबीए नंतर बघा. मी नोकरीला लागले तेव्हा बार बेंडिंग शेड्यूल (कुठली सळई किती कापायची, कशी वाकवायची याचा तक्ता) मला कागदावर छान यायचं. मग दोन रविवार फिटरच्या शेजारी उकिडवं बसून त्याला सळई कापताना बघितलं. कुठला तुकडा वाया जातो, तो कुठल्या रिंगेला वापरतो, हे कॉलेजात कोणी सांगत नाही. त्याला मी वजनाचं डी स्क्वेअर भागिले १६२ हे सूत्र शिकवलं (डी म्हणजे सळईची मिलिमीटरमधली जाडी), १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८९ किलो. तेव्हापासून तो स्वतःचं बिल स्वतः तपासतो आणि ठेकेदार माझ्यावर नाराज आहे :)

---

हायवे_४८

मी सातारा-कागल सहापदरीच्या कामावर एका उपठेकेदाराकडे आहे. आमच्याकडे रोज सकाळी टूलबॉक्स टॉक (कामाआधी सुरक्षेवरचं बोलणं) होतो. सह्या होतात, फोटो निघतो, वर पाठवला जातो. आणि निम्मी माणसं मागे उभी राहून तंबाखू मळत असतात. म्हणून मिरज_जंक्शन यांच्या पंधरा मिनिटांच्या तक्रारीत तथ्य आहे.

आमच्या एका फोरमनने त्यात तीन बदल केले. बोलायची जागा बदलली: ऑफिससमोर नाही, आज जिथे धोका आहे तिथे. खोदकाम असेल तर खड्ड्याच्या काठावर. वेळ पाच मिनिटं, घड्याळ लावून. आणि बोलायचं त्याने नाही, काल ज्याचा थोडक्यात जीव वाचला किंवा हात वाचला त्याने, त्याच्या भाषेत. हिंदी, कन्नड, काहीही. फोरमन फक्त शेवटी विचारतो, "मग आज काय वेगळं करायचं?"

हे चालायला एक अट आहे. सांगणाऱ्याची हजेरी कापायची नाही. एकदा जरी 'पट्टा का लावला नव्हतास' म्हणून दंड केलात तर दुसऱ्या दिवसापासून साईटवर कधीच काही घडत नाही, कागदावर.

ओरडण्याबद्दल सगळी पुस्तकं सांगतात चारचौघांत रागावू नका. ठीक आहे, पण माणूस परांचीच्या कडेला पट्ट्याशिवाय उभा असेल तर मी आधी ओरडतो. बाजूला घेऊन समजावणं नंतर, तो खाली उतरल्यावर. रिंगेचं अंतर चुकलं म्हणून मात्र ओरडत नाही.

---

मिरज_जंक्शन

पाच मिनिटं असतील तर माझी हरकत नाही.

आता फुकटचा सल्ला. ओळंबा, तुम्ही गँगमधल्या पोरांना थेट हाताशी धरायला लागलात तर मुकादमाला वाटणार, हा माझी माणसं फोडतोय. महिन्याभरात गँग दुसऱ्या साईटवर दिसेल. त्यामुळे पहिला माणूस घडवायचा तो मुकादम. त्याच्याकडे बिलं कशी मोजली जातात ते समजावून सांगा, मेजरमेंट त्याच्यादेखत घ्या, सही घ्या. त्याला ड्रॉइंगची एक झेरॉक्स द्या, बऱ्याच ठिकाणी देतच नाहीत. त्याला पुढच्या पंधरवड्याचं काम आधी कळलं तर तो माणसं टिकवतो. काम कधी थांबेल याचा भरवसा नसतो म्हणूनच माणसं पळतात, शिकल्यामुळे पळतात हे निम्मं खरं. निम्मं मीच वर लिहिलंय, असू दे.

---

उपअभियंता_निवृत्त

हे बरोबर बोललात.

धागाकर्त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी नीट उत्तर दिलं नाही. सॉफ्टवेअर शिका, जरूर शिका, पण आधी एक वही घाला. रोज संध्याकाळी हवामान, माणसांची संख्या, झालेलं काम, अडलेलं काम आणि अडण्याचं कारण. शेवटचा रकाना महत्त्वाचा. सहा महिन्यांनी वही उलटून पाहिलीत तर कामं वारंवार कशाने अडतात ते दिसतं, आणि बहुतेकदा ते मजुरांच्या अकुशलतेने अडलेलं नसतं. ड्रॉइंग उशिरा आलं, माल उशिरा आला, निर्णय उशिरा झाला. म्हणजे तुम्हाला शिकायचं आहे ते वरच्यांकडून वेळेवर निर्णय काढून घेणं. मजुरांवर अधिकार गाजवायला कोणीही शिकतो. वर बोलायला शिकणं अवघड असतं, आणि टीमला तुमच्याकडून हवं असतं ते हेच.

दुसरी परीक्षा सांगतो. दोन दिवस रजेवर जा आणि फोन उचलू नका. परत आल्यावर साईट कुठल्या गोष्टीसाठी थांबली ते पाहा. तेवढं काम तुम्ही अजून कोणाला शिकवलेलं नाही.

---

सांगलीवाडीकर

सांगलीची साईट आहे म्हणून एक राहिलेला विषय. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला परत पूर आला. विश्रामबाग उंचावर असलं तरी तुमचे बिगारी कुठे राहतात ते बघा. शेड सखल भागात असेल, किंवा भाड्याने नदीकडच्या गल्लीत असतील, तर साईट कोरडी आणि माणसं पाण्यात असं होतं.

टीम घडवायला ही चांगली संधी आहे, गंमत म्हणून नाही म्हणत. जून लागला की कामं वाटून द्या. सिमेंट वर उचलायचं कोणी, तात्पुरता वीज पॅनल बंद करून उंचावर न्यायचा कोणी, मोटारपंप सुरू होतो का ते दर आठवड्याला बघायचं कोणी, पुलावरची पातळी रोज बघून सांगायची कोणी. आमच्या ओळखीच्या साईटवर पातळी सांगायचं काम एका अठरा-एकोणीस वर्षांच्या हेल्परला दिलं होतं. पोरगं त्यानंतर हजेरीसुद्धा लिहायला लागलं. एक काम पूर्ण स्वतःचं मिळालं की माणूस बदलतो, मग ते काम कितीही छोटं असो.

---

ओळंबा

सगळ्यांचे आभार. दोन आठवडे उत्तर दिलं नाही कारण खरंच करून बघत होतो.

कराडच्या ताईंचा कागद लावला. व्हायब्रेटरचं तेच निघालं, एकच माणूस. त्याच्या हाताखाली आता दुसरा लावलाय. कागद बाहेर लावल्यामुळे एक अनपेक्षित गोष्ट झाली. बिहारच्या गँगमधले दोघं स्वतःहून येऊन म्हणाले, हमारा निशान गलत है, हमको लेव्हल भी आता है. तपासलं, खरंच येत होतं.

मुख्य मिस्त्रींना जिना विचारला. पंधरा मिनिटं बोलत होते. लँडिंगजवळच्या पायरीची उंची त्यांच्या आणि ड्रॉइंगच्या हिशोबात जुळेना. आर्किटेक्टकडे विचारलं, त्यांनी फ्लोअर फिनिशची जाडी बदललेली ड्रॉइंगवर आलीच नव्हती. म्हणजे मामा बरोबर.

रिंगांचा दर: साहेबांशी बोललो. टनामागे वेगळा दर द्यायला तयार नाहीत. पण तयार रिंगा, १३५ अंशाच्या हुकासकट, मशीनवर वाकवून आणायला हो म्हणाले. फिटर खूष आहेत.

---

पाटणचा_पाऊस

छान झालं. पण तयार रिंगा आल्या म्हणून सुटलो असं समजू नका. बांधताना सगळे हुक एकाच कोपऱ्यात येऊ द्यायचे नाहीत, प्रत्येक रिंगेला कोपरा फिरवायचा. घाईत सगळे एकाच बाजूला ओवतात, कारण ते सोपं पडतं.

---

थापीवाला (तासगाव)

अवांतर हाय पण सांगतो. तुमच्याकडं हजेरीपत्रक हाय. त्याचा एक उपयोग करा. बांधकाम कामगार मंडळाकडं नोंदणी करायची तर वय १८ ते ६० आन् मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. पोरांना ह्यो दाखला मिळत न्हाई म्हणून एजंटाला पैसे देत्यात. तुमच्या हजेरीवरनं ठेकेदाराकडनं दाखला काढून द्या. पेटी, भांडी सगळ्यांना म्हाईत हाय, पण लेकरांच्या शिक्षणाची मदत आन् अपघाताची मदत कुणाला म्हाईत नसती. माणूस टिकवायचा तर भाषणापरीस ह्यो कागद लई काम करतो.

---

कराडची_सिव्हिलवाली

दुजोरा. आणि ज्यांना काम येतं पण कागद नाही अशा गवंड्यांना पूर्वज्ञानाच्या मूल्यांकनावर प्रमाणपत्र मिळतं, कौशल्य विकास योजनेत ती सोय आहे. जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करा, बॅच कधी असते ते विचारा. आमच्या दोघांनी केलं. पगार लगेच वाढला नाही, पण पुढच्या साईटवर दर ठरवताना एकाने ते दाखवलं.

---

शंकासुर

ते सगळं ठीक. फॉर्ममध्ये शेवटी काय लिहिलंत?

---

ओळंबा

'टीम' या भागात लिहिलं: व्हायब्रेटर चालवणारे एकावरून तीन, ड्रॉइंग वाचणारा मुकादम एक, लॅबला नेलेली माणसं दर महिन्याला दोन, ९० दिवसांचे दाखले सर्वांना. 'स्वतः' या भागात लिहिलं: निर्णय अडल्याची वही, दर शुक्रवारी साहेबांना दाखवणे. साहेबांनी तो भाग वाचला आणि म्हणाले, वही मला कशाला दाखवतोस?

---

उपअभियंता_निवृत्त

दाखवत राहा.

---

ओळंबा

हो. एक घाईचा प्रश्न, नवीन धागा काढत नाही. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब सोमवारी धरलाय. दुसऱ्या मजल्याचे प्रॉप (स्लॅबखालचे टेकू) सेंट्रिंगवाल्यांना वर लागणार आहेत. दुसरा स्लॅब टाकून दहा दिवस होतील. हॉलचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ४.८ मीटर, बाकी खोल्या साडेतीनच्या आसपास. मुकादम म्हणतो सगळे काढू.

---

उपअभियंता_निवृत्त

सगळे नाही. स्लॅबचा गाळा ४.५ मीटरपर्यंत असेल तर प्रॉप ७ दिवसांनी, त्याच्या वर १४ दिवसांनी. बीमना ६ मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१. हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे. तुमच्याकडे राख मिसळलेलं पीपीसी असणार, बहुतेकांकडे असतं, म्हणजे त्याहून जास्त धरा, आणि पाणीही ७ ऐवजी निदान १० दिवस मारा. शिवाय वर नवा स्लॅब ओतायचाय, त्याचा भार खाली येणार. हॉल आणि बीमखालच्या प्रॉपना हात लावू नका. खोल्यांचेही स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय काढू नका. जादा प्रॉप भाड्याने आणा.

---

मिरज_जंक्शन

प्रॉप माझ्याकडून घ्या, दर कमी लावतो. पण सोमवारी अमावस्या आहे, पंचांग बघितलं नाही का? गवंडी एकही येणार नाही. स्लॅब मंगळवारी धरा आणि आरएमसीवाल्याला (तयार काँक्रीट पुरवणाऱ्याला) आजच फोन करा.